बाटलीतलं रोप गच्चीवर जगवायचं तर

पहिलं सांगणं, टिश्यू कल्चरची, म्हणजे लॅबमध्ये बाटलीत वाढवलेली रोपं एप्रिलात मागवू नका. मी मागवली होती. सफरचंदाच्या एमएम-१११ खुंटाची (ज्यावर पुढं कलम बांधतात त्या जातीची) चाळीस रोपं, आमच्या इंदुरातल्या रामबागेतल्या गच्चीवर. पाहुण्यांना दाखवायला डब्याचं झाकण काढलं ते चहा होईस्तोवर तसंच राहिलं. चाळीसच्या चाळीस रोपांनी माना टाकल्या. बुडाशी पाणी होतं, पण बाटलीत वाढलेल्या पानावर मेणाचा थर जेमतेम असतो आणि त्याची छिद्रं धड मिटत नाहीत. मुळं ओढतील त्याच्या आधीच पाणी उडून जातं.

आता मी जुलै सरता सरता सुरू करतो. इंदुरातली हवाच तेव्हा ओली असते.

लॅबवाल्यांकडून मुळं फुटलेली रोपं घेऊ नका, दोन-तीन सेंटिमीटरचे बिनमुळांचे कोंब मागा. अगारमध्ये, म्हणजे बाटलीतल्या जेलीत, फुटलेली मुळं काचेसारखी मोडतात, त्यांना केसमुळंही नीट नसतात. कोमट पाण्यात बोटानं अगार पार धुवायचा, चिकट कण राहिला की बुरशी आलीच. मग बुडखा १००० पीपीएमच्या आयबीए या मुळं फुटवणाऱ्या पावडरीत टेकवा, जास्तीची झटका आणि काडीनं भोक पाडून लावा. नुसता कोंब खुपसलात तर पावडर वरच पुसली जाते.

माती नको. धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) निम्मं-निम्मं, मुठीत दाबलं तर एखाद-दुसराच थेंब सुटावा इतपत ओलं. कंपोस्टही नको. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्डसाहेबांनी १९२४ ते १९३१ या काळात ज्या इंदुरात राहून कंपोस्टची पद्धत बसवली, तिथं हे म्हणणं म्हणजे पापच, पण या तान्ह्यांना ते सोसत नाही. पाणी नर्मदेचं चालतं. बोरिंगचं जड असतं, पानांवर पांढरे डाग पडतात.

झाकणाचा पारदर्शक डबा उजेडात ठेवा, उन्हात नाही. आठवडाभर उघडायचाच नाही. पुढं रोज संध्याकाळी दहा मिनिटं, मग अर्धा तास, मग रात्रभर फट. पानं लोंबली की एक पायरी मागं या. तीनेक आठवड्यांत कोंब हलकेच ओढून पाहा. अडला तर मूळ धरलं.

पण माझी खरी भिस्त नव्या पानावर. बाटलीतली पानं पातळ, चकचकीत असतात, ती गळाली तरी जीव खालीवर करू नका. डब्यात फुटलेलं पान जाडसर, मंद रंगाचं येतं, पाठीवरून बोट फिरवलं तर बारीक लव लागते. अशी दोन पानं आली की झाकण कायमचं काढा आणि लिटरला अर्धा ग्रॅम १९:१९:१९ हे विरघळणारं खत सुरू करा. मग छोट्या पिशवीत, पन्नास टक्के सावलीच्या हिरव्या जाळीखाली. कलमाचा चाकू मात्र खोड पेन्सिलीएवढं होईस्तोवर खोक्यातच राहू द्या.