घरात ढकलायला जमीन आहे, ओढायला काय?

आमची जिम तळघरात आहे. डोंबिवलीत जुलैमध्ये सलग दोन दिवस पाऊस लागला की तिथं गुडघाभर पाणी येतं. मग पंप लावा, मशीन पुसा, वायरिंग तपासा, असं करत आठ-दहा दिवस शटर खाली. २०२० च्या मार्चमध्ये बंद झाली ती थेट दसऱ्याला उघडली, आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा कुलूप. फी मात्र वर्षाची. मी पतपेढीत कॅशियर आहे, असले हिशेब मला झोपेतही जमतात.

माझं वय ५४, वजन ६१ किलो, बीपीची गोळी चालू. घर वन बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट नाही. दिवाण आणि टीव्हीच्या मध्ये सहा फूट बाय चार फूट जागा मोकळी राहते. जिम बंद असताना एवढ्या जागेत जो व्यायाम बसतो तोच इथं लिहिलाय. ज्यांच्याकडे गच्ची नाहीतर अंगण आहे त्यांनी खुशाल उड्या माराव्यात. माझ्या खालच्या मजल्यावर काकू राहतात आणि त्यांच्या हातात लाटणं असतं, ते त्या छताला ठोकतात.

पहिल्या लॉकडाऊनमध्ये मी सगळे करतात तेच केलं. सकाळी बारा सूर्यनमस्कार, मग जोर, मग बैठका. दोन महिन्यांत मांड्या छान घट्ट झाल्या, पण उजवा खांदा पुढून दुखायला लागला. फणी करताना हात वर जाईना. कोल्हापूरला आबांना फोन केला. आबा तरुणपणी गंगावेस तालमीत जायचे, आणि व्यायामाचं काहीही विचारलं की त्यांचा आवाज वीस वर्षांनी लहान होतो.

"नुसतं जोर मारत बसलीयास व्हय?" ते म्हणाले. "दोर कुठाय? फावडं कुठाय?"

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी नीट सांगितलं. तालमीत पोरं जोर-बैठका काढतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण ती दोरावरही चढतात आणि आखाड्यातली माती फावड्यानं उकरतात. दोर म्हणजे ओढणं, फावडं म्हणजेही ओढणंच. जोर मारताना तुम्ही हातांनी जमीन ढकलता, बैठकीत पायांनी तीच ढकलता. छाती आणि मांड्या कामाला लागतात, पण दोन खवाट्यांच्या मधली पाठ रिकामीच राहते. जिममध्ये त्यासाठी वरून दांडा खाली ओढायचं मशीन असतं, घरात काहीच नसतं. म्हणून माझं म्हणणं, जिम बंद झाली की पहिला प्रश्न वजनं कुठून आणायची हा नव्हे, ओढायचं कशाला हा आहे.

मी पहिल्यांदा ओढली ती बाथरूमच्या दाराची कडी. दार पीव्हीसीचं. दुसऱ्याच ओढीला कडी स्क्रूसकट हातात आली आणि मी लादीवर बसले, बसले म्हणजे आपटले. काकूंचं लाटणं लगेच वाजलं. तेव्हा पीव्हीसीचं दार, टॉवेलचा रॉड आणि गॅलरीतलं ग्रिल, ह्यांना लोंबकळायचं नाही. ग्रिल वरून रंगवलेलं असलं तरी भिंतीत घुसलेले त्याचे पाय गंजून गेलेले असतात.

लाकडी दार आणि जुनी सुती साडी, ही जोडी मात्र पक्की. आधी सोलापुरी चादर घेतली होती. ती तुटणार नाही ह्याची खात्री, पण इतकी जाड की दार चौकटीत बसेचना. साडीचं असं करायचं: आधी दोन्ही हातांनी ताणून विरली नाही ना ते बघा. मग मधोमध दुमडून दुमडलेल्या टोकाला मोठी गाठ मारा आणि ती आवळण्याआधी तिच्यात लाटणं आडवं अडकवा. लाटणं असलं की गाठ फटीतून सरकून येत नाही. गाठ दाराच्या वरून पलीकडे टाका, दोन पदर आपल्याकडे ठेवा, दार लावा. आता सगळ्यात महत्त्वाचं. आपण उभं कुठल्या बाजूला राहायचं? दार जिकडे उघडतं त्याच्या उलट बाजूला. आमचं बेडरूमचं दार आत उघडतं, म्हणून मी हॉलमध्ये उभी राहते. मी जितकी ओढते तितकं दार चौकटीवर आवळतं. दार उघडतं त्याच बाजूला उभे राहिलात तर साडी, लाटणं आणि दार तिन्ही अंगावर येतील.

बाहेरून कडी लावा, म्हणजे आतून कुणी उघडणार नाही. आत कुणी आहे का ते आधी बघा. ह्यांना मी एकदा पंचवीस मिनिटं कोंडलं होतं. ते झोपले होते म्हणून निभावलं.

एकेक पदर एकेका हाताला एक वेढा देऊन धरा. पाय दारापासून दोन फुटांवर, गुडघे किंचित सैल, अंग टाचेपासून डोक्यापर्यंत सरळ, आणि मागे रेला. दंड ताठ होईपर्यंत रेलायचं. मग कोपरं फासळ्यांना घासत मागे न्या, छाती दाराकडे येऊ द्या, खवाटे एकमेकांकडे ओढा, मनात एक म्हणा, आणि तीन आकडे मोजत परत मागे. इथं बहुतेकांचं चुकतं ते कंबरेत. ढुंगण मागे सोडून नुसतं मान-खांद्यांनी ओढतात. मग पाठीला काहीच होत नाही, मान तेवढी धरते. सुरुवातीला आठ-आठच्या तीन फेऱ्या पुरे. सोपं वाटायला लागलं की पाय दाराच्या जवळ न्या. जवळ गेलं की जास्त रेलावं लागतं आणि आपलंच वजन वाढल्यासारखं होतं. मला दोन फुटांवरून एका फुटावर यायला पाच आठवडे लागले.

दुसरी गोष्ट सायकलची ट्यूब. पंक्चरवाल्याकडे टाकाऊ ट्यूबांचा ढीग असतो. मी वीस रुपये दिले. कशाला हवी म्हणून त्यानं विचारलं, मी व्यायामाला म्हटलं, तर त्यानं ढिगातून बदलून चांगली काढून दिली. सायकलचीच घ्या, स्कूटरची फार जाड. व्हॉल्व्हचा तुकडा कापून टाका, साबणानं धुवा, सावलीत वाळवा, थोडी टाल्कम पावडर चोळा, नाहीतर हात काळे आणि घरभर रबराचा वास. मग पाय पसरून बसा, बूट घाला, ट्यूब तळव्यांवरून घेऊन पुढे एकदा फुली मारा आणि दोन्ही टोकं बेंबीकडे ओढा. फुली विसरू नका, ट्यूब तळव्यावरून सुटली तर सरळ तोंडावर बसते. हीच ट्यूब खिडकीच्या गजातून ओवून कपाळाकडे ओढली, कोपरं बाहेर ठेवून, तर खांद्याची मागची बाजू दुखेपर्यंत कामाला लागते. एवढ्या ताणानं गजाला काही होत नाही. माझा खांदा ह्यानंच सुटला असं मला वाटतं. ज्यांचा रात्रीही दुखतो त्यांनी आधी डॉक्टरला दाखवावं.

आता वजनं. माझं कॅशियरपण इथं उपयोगी पडलं: मोजल्याशिवाय काही उचलायचं नाही. पाणी लिटरला एक किलो, हे सोपं. कोरडी वाळू लिटरला साधारण दीड किलो. वीट तीन किलोच्या आसपास. पिण्याच्या पाण्याचा मोठा जार भरलेला असला की वीस किलोच्या वर, आणि त्यातलं पाणी डुचमळतं, म्हणून तो मी उचलत नाही. गॅस सिलिंडर तर नाहीच. भरलेला तीस किलोच्या घरात जातो, पकडायला धड जागा नाही, आणि पडला तर काय होईल ते सांगायला नको. एका नातेवाइकांनी खांद्यावर सिलिंडर घेतलेला फोटो पाठवला होता, मी त्याला अंगठा दिला नाही.

वाळू कुठून? डोंबिवलीत हा प्रश्न पडत नाही, दर दुसऱ्या गल्लीत रिडेव्हलपमेंट चाललंय. मुकादमाला विचारून एक पिशवी आणली, परातीत पसरून उन्हात वाळवली. दोन लिटर-बाटल्या आणि तेलाचा एक पाच लिटरचा कॅन भरला. बाटल्या दीड-दीड किलोच्या, कॅन पावणेआठ किलोचा. कॅनची मूठ बोटांना कापते, तिला जुन्या बनियनची पट्टी गुंडाळा. झाकणावर चिकटपट्टी लावाच. मी लावली नव्हती आणि दिवाळीच्या साफसफाईतही दिवाणाखाली वाळू निघत होती.

सगळ्यात कामाचं मात्र पोराचं दहावीचं दप्तर. तांदळाच्या पाच किलोच्या पिशव्या, जुनी पुस्तकं, काहीही भरा, फक्त उरलेल्या जागेत जुन्या साड्या ठासा. वजन आत हललं की कंबर लचकते. मग दप्तर पाठीला लावून वजनकाट्यावर उभे राहा आणि आपलं वजन वजा करा. एक हात स्टुलावर टेकून, पाठ ओट्यासारखी सपाट ठेवून, दुसऱ्या हातानं दप्तर कंबरेकडे ओढायचं. हे पण ओढणंच. मी पाच किलोवर सुरू केलं, आज बारावर आहे.

जोर सोडायचे नाहीत, पण ते आपल्या ताकदीनं काढता येतात हे मला काट्यानं दाखवलं. मी काटा जमिनीवर ठेवून त्यावर दोन्ही हात टेकले, जोराच्या वरच्या टप्प्यावर. आकडा आला ३९. म्हणजे ६१ पैकी ३९ किलो मी हातांवर घेत होते, आणि जिममध्ये मला दहाचा डंबेल जड वाटायचा! दीड फुटी स्टूल भिंतीला टेकवून त्यावर काटा ठेवला, तर ३०. म्हणून ज्यांना जमिनीवर एकही जोर निघत नाही त्यांनी भिंतीवर सुरू करावं, मग ओटा, मग स्टूल, मग जमीन. गुडघे टेकून अर्धवट करण्यापेक्षा हे बरं, कारण अंग पहिल्या दिवसापासून सरळ राहतं.

पायांचं फार सांगत नाही. खुर्चीला जेमतेम टेकून उठायची बैठक, दप्तर छातीशी कवटाळून. उतरताना चार आकडे. घरात वजन वाढवायला मर्यादा आहे, वेळ वाढवायला नाही. चार आकड्यांत उतरलेली दहावी बैठक काय असते ते एकदा बघा. दम लागण्यासाठी जिना: तळापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत चढायचं, उतरताना कठडा धरून सावकाश, असं पाच वेळा. गुडघ्याला जास्त त्रास होतो तो उतरताना.

बीपीवाल्यांनी आकडे मोठ्यानं मोजावेत. मोठ्यानं मोजलं की श्वास कोंडता येत नाही, आणि कोंडलेल्या श्वासानं बीपी आणखी चढतं. मी "आठ... नऊ..." करत असते तेव्हा हे स्वयंपाकघरातून "दहा!" म्हणून ओरडतात आणि माझी नववी हुकते. ओली लादी, सतरंजी आणि पायमोजे टाळा. गोणपाट किंचित ओलं करून अंथरलं की जागचं हलत नाही.

माझे वार सोमवार, बुधवार, शुक्रवार, पस्तीस मिनिटं. आधी दोन ओढायचे प्रकार, मग एक ढकलायचा, मग बैठका. ओढणं आधी, कारण शेवटी ठेवलं की ते राहून जातं, माझा अनुभव आहे. रविवारी जिना. कॅलेंडरवर ज्या चौकोनात दुधाच्या लिटरची खूण असते त्याच चौकोनाच्या खालच्या कोपऱ्यात मी लिहिते: "सा १०-१०-८, द १२". साडी, दप्तर. दूधवाल्यानं एकदा महिन्याचा हिशेब करताना "ताई, बारा लिटर कधी घेतलं?" म्हणून विचारलं होतं.

ट्यूब मात्र जपा. उन्हात ठेवली की रबर कडक होतं. महिन्यातून एकदा ताणून खिडकीशी उजेडात धरा. केसाएवढ्या चिरा दिसल्या की टाकून द्या, "अजून एक आठवडा चालेल" म्हणू नका. माझी पहिली आठ महिने चालली आणि खिडकीपाशी मधोमध तुटली. चष्मा होता म्हणून डोळा वाचला. दुसऱ्या दिवशी पंक्चरवाल्याकडे गेले, तर त्यानं आधी चष्म्याची काच बघितली आणि मग न बोलता दोन ट्यूबा काढून दिल्या. पैसे एकीचेच घेतले.