पहिल्यांदा अॅक्युपंक्चरला जाताय? आधी दोन घास खाऊन जा

मी पहिल्यांदा गेले ती नुसता चहा पिऊन. डोक्यात काय तर सुया टोचणार म्हणजे ऑपरेशनसारखंच काहीतरी असणार, पोट रिकामं असलेलं बरं. चौथी सुई लागली असेल नसेल, कानात शिट्टी वाजायला लागली, कपाळाला गार घाम फुटला आणि समोरची भिंत लांब लांब जायला लागली. त्या बाईंनी पटापट सुया काढल्या, पाय उशीवर चढवले, साखरेचं पाणी पाजलं, दहा मिनिटांत मी ठणठणीत. पण इतकी लाज वाटली म्हणून सांगू. नंतर कळलं की हा प्रकार पुष्कळांचा होतो आणि कारणं ठरलेली असतात, उपाशी पोट, अपुरी झोप आणि भीती. म्हणून तासदोन तास आधी हलकं काहीतरी खायचंच, आणि पहिल्या वेळी झोपूनच सुया लावून घ्यायच्या, खुर्चीत बसून नको. झोपलेला माणूस घेरी आली तरी पडत नाही, साधा हिशोब आहे.

आता कोणाकडे जायचं. मी तरी इथेच सगळ्यात जास्त वेळ घालवा म्हणेन. शिक्षण कुठे आणि किती वर्षं झालं, तुमच्या इथल्या कायद्याप्रमाणे परवाना लागतो का आणि असेल तर आहे का, हे सरळ विचारायचं, चांगला माणूस या प्रश्नाने चिडत नाही. दुसरं, सुया एकदाच वापरायच्या आणि तुमच्या डोळ्यांदेखत सीलबंद पाकिटातून काढलेल्या पाहिजेत, आणि काम झालं की कडक प्लास्टिकच्या डब्यात टाकलेल्या दिसल्या पाहिजेत. 'आम्ही उकळून घेतो हो' असं कोणी म्हणालं तर चपला घालायच्या आणि निघायचं. आणि जो म्हणेल की तुमच्या गोळ्या बंद करा, सगळं सुयांनी बरं करतो, त्याच्याकडे तर मुळीच नको. दुखणं काय आहे ते आधी डॉक्टरकडून नक्की करून घ्या, सुया त्यानंतर.

जाताना सैल कपडे घाला, बाह्या कोपराच्या वर आणि पँट गुडघ्याच्या वर सरकली पाहिजे, कारण डोकं दुखत असलं तरी सुया पायात लागू शकतात. कॉफी पिऊन किंवा जीभ घासून जाऊ नका, कारण पारंपरिक चिनी पद्धतीत जीभ बघतात, तिचा रंग, वरचा थर, कडा. नाडी पण बघतात, दोन्ही मनगटांवर तीन तीन जागी बोटं ठेवून, आणि मधेच झोप कशी आहे, पाय गार पडतात का, असले प्रश्न येतात. मला आधी वाटलं हे काय गप्पा मारत बसलेत, पण पहिल्या भेटीतला बराच वेळ यातच जातो.

काही गोष्टी मात्र त्यांनी विचारायची वाट न बघता सांगायच्या. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, रक्त लवकर थांबत नसेल, दिवस गेलेले असतील किंवा शक्यता असेल, निकेलची अॅलर्जी असेल. पेसमेकर असेल तर आवर्जून सांगा, कारण काही जण सुयांना बारीक करंट जोडतात, ते तुमच्यासाठी नाही.

बरं, सुई. लोक घाबरतात ते इंजेक्शन आठवून. ती सुई आतून पोकळ आणि टोकाला तिरकी कापलेली असते, जाडी साधारण पाऊण मिलिमीटर धरा. ही भरीव स्टीलची, केसासारखी, नेहमीची जाडी 0.25 मिलिमीटर आणि चेहऱ्यासाठी त्याहून बारीक. बहुतेक वेळा ती प्लास्टिकच्या छोट्या नळीत असते, नळी कातडीवर टेकवतात, वरून बोटाने टिचकी मारतात आणि सुई आत. टिचकी जाणवते, टोचणं कित्येकदा जाणवतच नाही. खरी गंमत पुढे, जेव्हा सुई थोडी आत सरकवून फिरवतात. तिथे एकदम जडपणा येतो, ठणका म्हणा, मुंग्या म्हणा, आतून कोणीतरी अंगठा दाबून धरलाय असं काहीतरी. याला चिनीत 'दे ची' म्हणतात, म्हणजे ची (शरीरात फिरणारी ऊर्जा, पुढे सांगते) आली, आणि जुन्या पद्धतीत हे आल्याशिवाय सुई लागली असं मानत नाहीत. माझ्या नडगीच्या बाजूला लावलेल्या सुईने तर पार घोट्यापर्यंत ओढ गेली, मी दचकलेच. ते चालतं. चालत नाही ते म्हणजे चरचरीत आग, झटका बसल्यासारखी कळ किंवा वाढतच जाणारं दुखणं. तेव्हा 'सहन करू थोडं' असला बाणेदारपणा करायचा नाही, लगेच सांगायचं, सुई जरा मागे घेतली की थांबतं.

मग 20 ते 30 मिनिटं पडून राहायचं. हलू नका, हलल्याने सुई वाकते नाहीतर स्नायूत अडकते. मोबाईल पिशवीतच राहू द्या, आणि नाक खाजणार हे गृहीत धरा, नेमकं तेव्हाच खाजतं. काही ठिकाणी मोक्सा पण करतात, म्हणजे दवण्याच्या जातकुळीतल्या एका झाडाची वाळवलेली पानं जाळून पॉइंटला शेक देतात. धूर आणि वास भरपूर, दमा असेल तर आधीच नको म्हणा.

ही 'ची' म्हणजे काय तर जुन्या चिनी विचाराप्रमाणे शरीरात फिरणारी ऊर्जा, तिचे 12 मुख्य मार्ग आणि अजून 2 धरून त्यावरचे 361 पॉइंट. शरीर फाडून बघितलं तर असे मार्ग सापडत नाहीत, हे मी स्पष्टच सांगते. खुद्द चीनमध्येही याला नेहमी मानच होता असं नाही, 1822 मध्ये सम्राटाने राजवैद्यांच्या संस्थेतून हे शिकवणं बंद करायला लावलं होतं. बाहेर गाजावाजा झाला तो 1971 नंतर, न्यूयॉर्क टाइम्सचे पत्रकार जेम्स रेस्टन बीजिंगमध्ये होते आणि त्यांचं अपेंडिक्स काढावं लागलं. सुयांनी भूल देऊन ऑपरेशन झालं ही गोष्ट तुम्ही पण ऐकली असेल, ती चुकीची आहे, भूल नेहमीसारखी इंजेक्शननेच दिली होती, सुया लावल्या त्या नंतर पोट फुगून त्रास व्हायला लागला तेव्हा, कोपरात आणि गुडघ्यांखाली.

मग उपयोग होतो का? अर्धशिशी, जुनाट दुखणी, ऑपरेशननंतरची मळमळ यासाठी बऱ्यापैकी आधार आहे, पण खोट्या सुया (आत न जाणाऱ्या किंवा भलत्याच जागी लावलेल्या) लावून तुलना केली की फरक बराच कमी होतो. कोणत्या आजाराला कोणते उपचार द्यावेत हे सुचवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने 2012 मध्ये अर्धशिशी टाळण्यासाठी 5 ते 8 आठवड्यांत 10 पर्यंत सेशन सुचवले, आणि त्याच संस्थेने 2016 मध्ये कंबरदुखीसाठी देऊ नका म्हणून सांगितलं. म्हणून 20 सेशनचं पॅकेज आधीच पैसे भरून घेऊ नका. महिन्यात किती वेळा डोकं दुखलं, किती गोळ्या लागल्या हे वहीत लिहा, पाच-सहा सेशननंतर आकडा हलला नसेल तर थांबा. माझा हलला, आठवरून चारपाचवर आला, त्यातलं सुयांचं किती आणि महिनाभर वेळेवर जेवले-झोपले त्याचं किती, देव जाणे.

सेशननंतर उठायची घाई नको, पाणी प्या, शक्य असेल तर त्या दिवशी गाडी दुसऱ्याला चालवू द्या. थेंबभर रक्त, छोटा काळानिळा डाग, संध्याकाळी सुस्ती, हे होतं. पण खांदा, छाती किंवा पाठीत सुया लावल्या असतील आणि नंतर, अगदी काही तासांनी सुद्धा, छातीत दुखायला लागलं किंवा धाप लागली तर सरळ इमर्जन्सीत जा आणि सुया लावल्या होत्या हे सांगा. फुप्फुसाला टोचून हवा बाहेर साठू शकते, क्वचित होतं पण होतं. याच कारणाने ऑनलाइन सुया मागवून घरी प्रयोग करू नका.

घरी करायचंच असेल तर बोटाने दाबा. मळमळीसाठीचा नेइग्वान पॉइंट सोपा आहे. तळहात वर करा, मनगटाच्या घडीपासून कोपराच्या बाजूला दुसऱ्या हाताची तीन बोटं आडवी ठेवा, ती संपतात तिथे मधोमध, मूठ आवळल्यावर दिसणाऱ्या दोन शिरांसारख्या दोऱ्यांच्या मधे. बोटं स्वतःचीच मोजायची, मुलाला करताना मुलाची. अंगठ्याने दोन-तीन मिनिटं दाबायचं, नख लावायचं नाही, मग दुसरा हात. गाडी लागणाऱ्यांसाठी मनगटाला बांधायचे बटणवाले पट्टे मिळतात ते याच जागेवर दाबतात, फक्त बटण घडीवर नाही, तीन बोटं वर आलं पाहिजे, बहुतेक जण घड्याळासारखा बांधतात आणि म्हणतात काही होत नाही.