चेहऱ्यावर लाइट मारून घेण्याआधी

आधी तारीख बघा. तासगावकडं द्राक्षबाग असेल, तर जानेवारी ते एप्रिल हा विषयच काढू नका. फोटोफेशियलच्या, म्हणजे चेहऱ्यावरचे डाग घालवायला मारतात त्या आयपीएल (इंटेन्स पल्स्ड लाइट) झोताच्या, आधी चार आठवडे आणि नंतरही तितकेच दिवस ऊन टाळायचं असतं. माल काढताना बागेत उभ्या राहणाऱ्या बाईला ते कसं जमायचं? त्यापेक्षा श्रावण-भाद्रपद बरा. आभाळ भरलेलं असलं तरी किमान ३० एसपीएफचं सनस्क्रीन मात्र रोज लावायचं.

उन्हाचा एवढा बाऊ का, तर हा प्रकाश साधारण ५०० ते १२०० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. डागातलं मेलॅनिन, म्हणजे कातडीला रंग देणारं द्रव्य, तो शोषून तापतं आणि डाग करपून गळतो. पण आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीत मेलॅनिन सगळीकडंच. त्यात रापलेली असली तर बघायलाच नको. डाग राहतो बाजूला, कातडीच भाजते, आणि तिथं पडलेला काळा चट्टा महिनोन्‌महिने हटत नाही. म्हणून त्वचेच्या डॉक्टरांना थेट विचारा, आमच्या रंगाला आयपीएल चालेल की १०६४ नॅनोमीटरचा एनडी-यॅग लेझर बरा? कानापाशी टेस्ट शॉट मारून काही दिवस वाट बघा. ‘त्याची काही गरज नाही’ म्हणणाऱ्याकडून मी तरी उठून येईन. वांग असेल तर तो या लाइटनं वाढूही शकतो. रंग किंवा आकार बदलणारा तीळ आधी तपासून घ्या.

जाताना घरातल्या सगळ्या क्रीम पिशवीत घाला. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली, दाबून चपटी झालेली, नाव पुसलेली ती गोरेपणाची ट्यूबसुद्धा. अशांत बऱ्याचदा स्टेरॉइड निघतं. मुरमांवर, डागांवर लावायचं ट्रेटिनॉइन क्रीम साधारण आठवडाभर आधी थांबवतात. डॉक्सीसायक्लिन, आयसोट्रेटिनॉइनसारख्या मुरमांवरच्या गोळ्या चालू असतील किंवा ओठावर पुन्हा पुन्हा फोड येत असतील, तर न विचारता सांगा.

ब्लीच, वॅक्सिंग, थ्रेडिंग बंद. सांगलीत हे सांगणं जरा जिवावर येतं, पण हळदही बंद. भाचीच्या लग्नात लागली असेल तर पिवळेपणा पुरता जाऊ द्या. त्या दिवशी पावडर, काजळ काही नको. डोळ्यांवर झाकण दिल्याशिवाय मशीन चालू करू देऊ नका.

खोल सुरकुत्या यानं जात नाहीत, तेव्हा पैसे भरण्याआधी तेवढं स्पष्ट करून घ्या. सिटिंग बहुधा तीन ते पाच लागतात, तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं. नंतर डाग आधी काळे पडतात आणि आठवडा-दहा दिवसांत आपोआप गळतात. नखानं खरवडायचे नाहीत. परत गाडीवरून यायचं असेल तर सुती स्कार्फ आठवणीनं घ्या.