कोविड, टाळेबंदी आणि गोवा: प्रकल्प लिहिताना या चुका टाळा

पदवीच्या तिसऱ्या वर्षाचे प्रकल्प तपासायला घेतले की 'कोविडचा गोव्याच्या अर्थव्यवस्थेवर झालेला परिणाम' हा विषय हमखास हाती येतो. शेवटच्या पानावर निष्कर्षही ठरलेला असतो: 'टाळेबंदीमुळे लोकांचे जीव वाचले, परंतु अर्थव्यवस्था कोलमडली.' हे वाक्य खोटं नाही. फक्त कुठली टाळेबंदी, कधी, कोणाचे जीव आणि कोणाचा धंदा, यातलं काहीच त्यात नाही. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी यातला एक जरी प्रश्न विचारला तरी विद्यार्थी आमच्याकडे बघायला लागतो.

विद्यार्थ्यांसाठी लिहितोय, पण ग्रामसभेत किंवा घरच्या चहावर याच विषयावर हिरिरीने भांडणाऱ्यांनी वाचायलाही हरकत नाही.

टाळेबंदी म्हणजे एकच दिवस नव्हे

बहुतेक प्रकल्पांत २५ मार्च २०२० ला एक रेघ मारलेली असते. रेघेच्या अलीकडे 'पूर्वी', पलीकडे 'नंतर'. गोव्यापुरतं तरी हे चालणार नाही. केंद्राने व्हिसा स्थगित केले ते १३ मार्चपासून. राज्य सरकारने शाळा, कॅसिनो, पब बंद केले ते मार्चच्या मध्यावर. २२ तारखेला जनता कर्फ्यू झाला, तो गोव्याने पुढे वाढवला, आणि त्याच सुमाराला परदेशी विमानं थांबली. देशातली विमानसेवा २५ मार्चपासून २५ मेपर्यंत बंद राहिली. पर्यटकांसाठी हॉटेलं उघडली २ जुलैला, तीही चाचणीच्या अटीवर. सीमा विनाअट खुल्या झाल्या १ सप्टेंबरला, कॅसिनो १ नोव्हेंबरला.

दुसऱ्या लाटेत चित्रच वेगळं होतं. एप्रिल २०२१ च्या अखेरीला चारेक दिवसांची टाळेबंदी, ९ मेपासून राज्यभर संचारबंदी आणि १० मेपासून उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीमेवर निगेटिव्ह प्रमाणपत्राची सक्ती.

आणखी एक गोष्ट हटकून सुटते. मार्च २०२० मधल्या टाळेबंदीच्या पहिल्या काही दिवसांत गोव्यात किराणा दुकानंसुद्धा बंद होती. केंद्राच्या आदेशात जीवनावश्यक वस्तूंना सूट होती, आपल्याकडे ती प्रत्यक्षात मिळायला वेळ लागला. बेळगावहून येणारी भाजी अडकली, दुधासाठी माणसं वणवण फिरली. म्हणून 'केंद्राच्या टाळेबंदीचा परिणाम' असं सरसकट लिहिण्याआधी आदेश कोणाचा होता ते बघा: केंद्राचा, राज्याचा, जिल्हाधिकाऱ्यांचा की न्यायालयाचा. परिणाम वेगळे, जबाबदारीही वेगळी.

इलाज सोपा आहे. वहीत तारखांचा तक्ता करा आणि प्रत्येक तारखेपुढे काय बंद झालं, काय चालू राहिलं ते लिहा. हे एक पान नीट जमलं की अर्धा प्रकल्प मार्गी लागतो.

भीती आणि आदेश यांची गल्लत

गेल्या वेळी एका विद्यार्थिनीने मोटारसायकल पायलटची, म्हणजे दुचाकीवरून भाडी मारणाऱ्याची, मुलाखत घेतली होती. प्रश्नावलीतला पहिलाच प्रश्न होता, 'टाळेबंदीमुळे तुमचा धंदा बुडाला का?' त्यांचं उत्तर तिने जसंच्या तसं उतरवून घेतलं, हे तिचं कौतुक: 'धंदो तर ताच्या आदींच पडिल्लो, बाये. गोरे येवपाचे बंद जाले तेन्नाच.' (धंदा त्याआधीच पडला होता, गोरे यायचे बंद झाले तेव्हाच.) आणि पुढच्याच पानावर तक्त्यात 'होय' या रकान्यात एक खूण वाढली!

उत्तर बिनचूक होतं, खूण चुकीच्या घरात पडली. पर्यटक कमी झाले त्यात व्हिसाबंदीचा वाटा होता, जगभरच्या भीतीचाही होता. दुकान उघडायला परवानगी मिळाली म्हणून गिऱ्हाईक लगेच परत येत नाही. जुलै २०२० मध्ये हॉटेलं उघडली तेव्हा किती खोल्या भरल्या ते कुठल्याही हॉटेलवाल्याला विचारा. म्हणून 'आदेश नसता तर धंदा चालला असता' हे गृहीत धरू नका, आणि 'आदेशाने काहीच बिघडलं नाही' हेही नको.

परिणाम आधी, कारण नंतर!

ही चूक सर्वांत जास्त होते आणि सर्वांत जास्त घोळ घालते. विषाणूची लागण आणि मृत्यू यांत साधारण दोन-तीन आठवड्यांचं अंतर असतं. लागण, चार-पाच दिवसांनी ताप, मग चाचणी, मग अहवाल, मग इस्पितळ. मेच्या दुसऱ्या आठवड्यात जी माणसं गेली त्यांना लागण झाली होती एप्रिलमध्ये. तेव्हा ९ मेच्या संचारबंदीचा परिणाम १२ मेच्या मृत्यूंमध्ये शोधू नका. तो दिसलाच तर महिन्याच्या अखेरीला दिसेल, आणि तेव्हाही लाट आपसूक उतरत होती की संचारबंदीने उतरली, हा प्रश्न उरतोच.

उलट बाजूनेही हेच. ३१ ऑगस्टपर्यंत अटी, १ सप्टेंबरला सीमा खुल्या, सप्टेंबरमध्ये पहिल्या लाटेचं शिखर. म्हणजे सीमा उघडल्या म्हणूनच लाट आली, असा निष्कर्ष मी अनेकदा वाचलाय. आलेखावर जुलै-ऑगस्ट बघा. वास्कोचं मांगोर हिल जूनच्या सुरुवातीला प्रतिबंधित क्षेत्र झालं, पहिला मृत्यू २२ जूनला नोंदला गेला, रुग्ण तेव्हापासून वाढतच होते. सीमा उघडल्याने भर पडली असेल, सुरुवात तिथे झालेली नाही.

२३ एप्रिल २०२१ ला म्हापसा, मडगाव, मुरगाव, केपे आणि सांगे पालिकांसाठी मतदान झालं. दुसऱ्या लाटेचं सगळं खापर या निवडणुकीवर फोडणारे प्रकल्पही येतात. मतदान त्या वेळी घ्यायला हवं होतं का? माझ्या मते नाही. पण मत आणि पुरावा या दोन वेगळ्या गोष्टी. त्या पाच पालिकांतली रुग्णवाढ आणि मतदान नसलेल्या तालुक्यांतली रुग्णवाढ शेजारी ठेवल्याशिवाय हे वाक्य लिहू नका.

बाधितांच्या आकड्यावर भिस्त ठेवू नका

१९ एप्रिल २०२० ला गोव्यात एकही सक्रिय रुग्ण उरला नव्हता. सातही जण बरे झाले होते. केंद्राच्या १ मेच्या यादीत आपले दोन्ही जिल्हे हरित, म्हणजे सर्वांत कमी धोक्याचे होते. हा आकडा खरा होता, पण तपासण्या किती होत होत्या हेही त्याच ओळीत लिहायला हवं. मे २०२१ मध्ये तपासलेल्या दर दोघांपैकी जवळपास एक जण बाधित निघत होता. असं होतं तेव्हा तपासणीच्या बाहेर राहिलेले बाधित फार असतात. या दोन काळांतले रुग्ण एकाच आलेखावर शेजारी उभे करून 'इतके पट वाढ' काढणं निरर्थक आहे.

मग मृत्यू घ्यायचे का? घ्या, पण राज्यांची तुलना करताना जपून. गोव्यात अधिकृत मृत्यू ४,००० च्या थोडे वर, म्हणजे लाखामागे अडीचशेच्या वर. बिहारमध्ये हाच आकडा दहाच्या आसपास येतो. बिहारने गोव्याच्या पंचवीस पट चांगलं काम केलं असं कोणी म्हणेल का? गोव्यात मृत्यूची नोंद जवळपास सगळ्यांची होते, इस्पितळ तासाभरात गाठता येतं, वयस्कांचं प्रमाण जास्त आहे. बिहारने तर जून २०२१ मध्ये जवळपास ४,००० जुने मृत्यू एकदम यादीत घातले होते. गुजरातचं उदाहरण आणखी बोलकं: जानेवारी २०२२ मध्ये अधिकृत मृत्यू सुमारे १०,०००, आणि मृतांच्या कुटुंबांना मिळणाऱ्या ५० हजारांच्या सानुग्रह साहाय्यासाठी आलेले दावे जवळपास ९०,०००. तपासणीनंतर ३० दिवसांत झालेला मृत्यू साहाय्यासाठी धरावा असा निकष होता, त्यामुळे दोन याद्या वेगळ्या येणारच. तरी एवढं अंतर दिसलं की अधिकृत आकड्याच्या आधारे राज्यांची क्रमवारी लावायला हात धजावू नये.

म्हणूनच अभ्यासक अतिरिक्त मृत्यू बघतात: नेहमीच्या वर्षी जेवढे मृत्यू होतात त्यापेक्षा किती जास्त झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० आणि २०२१ मिळून भारतासाठी सुमारे ४७ लाखांचा अंदाज दिला, अधिकृत आकडा ४.८ लाखांच्या आसपास होता. केंद्र सरकारने या अंदाजाच्या पद्धतीवर आक्षेप घेतला. प्रकल्पात दोन्ही बाजू द्या, एकच देऊन मोकळे होऊ नका.

घोषणा म्हणजे अंमलबजावणी नव्हे

मे २०२१ मध्ये आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी १८ वर्षांवरील सर्वांना आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या देणार असं जाहीर केलं. जागतिक आरोग्य संघटनेने मार्चमध्येच हे औषध चाचण्यांबाहेर कोविडसाठी वापरू नये असं सांगितलं होतं, त्यामुळे गदारोळ झाला. तीन प्रकल्पांत मी 'गोव्यात आयव्हरमेक्टिनमुळे मृत्युदर घटला' अशा अर्थाचं वाचलं. किती जणांना गोळ्या मिळाल्या, किती जणांनी घेतल्या, याचा एकही आकडा नाही! वर्तमानपत्रातलं कात्रण चिकटवलं म्हणजे औषध पोटात गेलं असं होत नाही.

कडक निर्बंध म्हणजे चांगला परिणाम, हीही त्याच जातीची चूक. ऑक्सफर्ड विद्यापीठाचा निर्बंधांचा निर्देशांक बरेच जण घेतात. तो कागदावरचे आदेश मोजतो. पेरूने मार्च २०२० मध्येच कडक टाळेबंदी लावली आणि लोकसंख्येच्या प्रमाणात जगातल्या सर्वाधिक मृत्यूंपैकी काही तिथेच झाले.

गोमेकॉतल्या त्या रात्री

सरकारच्या प्रतिसादाचा आरोग्यावरचा परिणाम म्हणजे फक्त टाळेबंदी, असं धरलं की गोव्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट प्रकल्पाबाहेर राहते. ११ मे २०२१ ला बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) पहाटे दोन ते सहा या वेळात २६ रुग्ण दगावले, हे खुद्द आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं. प्राणवायूचा साठा कमी नाही, तो वॉर्डापर्यंत वेळेत पोहोचण्यात अडचण आहे, असा मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांचा सूर होता. आरोग्यमंत्री तुटवड्याबद्दल बोलत होते आणि उच्च न्यायालयाने चौकशी करावी म्हणत होते. दोघे एकाच सरकारातले, दिवसही एकच. त्यानंतरच्या रात्रीही मृत्यू होत राहिले आणि उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात रोज सुनावणी चालली.

विद्यार्थ्याने इथे थांबून यंत्रणा समजून घ्यावी. तेव्हा बराचसा प्राणवायू सिलिंडरच्या ट्रॉल्यांमधून नळीत सोडला जात होता. एक ट्रॉली संपत आली की दुसरी जोडायची. ती यायला उशीर झाला, तर नळीतला दाब पडतो आणि सगळ्या खाटांवर एकदम पडतो. म्हणजे राज्यात प्राणवायू आहे की नाही या एका प्रश्नाचं उत्तर पुरेसं नाही: ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर चालवणारे किती, पहाटे तीनला ट्रॉली कोण बदलणार, दाबाकडे लक्ष कोणाचं, हे प्रश्न तितकेच महत्त्वाचे. पुढे त्याच आवारात २०,००० लिटरची द्रवरूप प्राणवायूची टाकी बसली. पहिली लाट ओसरली तेव्हापासून एप्रिलपर्यंत जे महिने हाती होते त्यांत ती बसू शकली असती की नाही, यावर दोन पानं लिहा. टाळेबंदीने वेळ मिळतो. त्या वेळात काय केलं हे तपासलंत, तर प्रकल्पाला खरं वजन येईल.

वार्षिक आकड्यांचा चकवा

२०१९ मध्ये गोव्यात सुमारे ८० लाख पर्यटक आले, २०२० मध्ये ३० लाखांच्या आसपास. परदेशी पर्यटक ९ लाखांवरून ३ लाखांवर. विद्यार्थी लिहितो, 'कोविड काळात ३ लाख परदेशी पर्यटक आले.' अरे, ते जवळपास सगळे जानेवारी ते मार्चच्या मध्यापर्यंतचे! खरा फटका २०२१ मध्ये दिसतो, त्या वर्षी परदेशी पर्यटक जेमतेम २२ हजार. परदेशी पर्यटकांना थेट घेऊन येणारी चार्टर विमानं पुन्हा सुरू झाली डिसेंबर २०२१ मध्ये. देशी पर्यटक त्याआधीच परतले होते, म्हणून शनिवार-रविवार गजबजलेलं हॉटेल आणि चार्टरच्या गिऱ्हाइकांवर जगणारा किनाऱ्यावरचा शॅक यांना एकाच तक्त्यात कोंबू नका. शक्य तिथे महिनावार आकडे घ्या.

खाणींचंही तसंच. खाणी सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने, त्या वर्षीच्या मार्चपासून बंद होत्या. डिचोली-सत्तरीतल्या ट्रकमालकाचे थकलेले हप्ते कोविडच्या खात्यावर टाकण्याआधी हप्ता कधीपासून थकला ते विचारा.

टक्केवारीतही गफलत होते. २०२०-२१ च्या पहिल्या तिमाहीत देशाचं सकल देशांतर्गत उत्पादन २४.४ टक्क्यांनी घसरलं, पुढच्या वर्षी त्याच तिमाहीत २०.१ टक्क्यांनी वाढलं. 'जवळपास सगळी भरपाई झाली' असं लिहून मोकळे होतात. शंभराचे ७५.६ झाले, त्यावर २०.१ टक्के वाढवून बघा, ९०.८ येतात.

कर्जहप्त्यांची स्थगिती म्हणजे माफी नव्हे, व्याज चढतच होतं. केंद्राच्या २० लाख कोटींच्या पॅकेजमध्ये कर्जहमी आणि रोखतेच्या उपाययोजनाही होत्या, तो सगळा खर्च नव्हे. यावर एक परिच्छेद पुरे.

मुलाखती घेणार असाल तर

'किती नुकसान झालं?' असं विचारू नका. तीन-चार वर्षांनी कोणालाही नेमका आकडा आठवत नाही, मग माणूस गोल रक्कम सांगतो. ठोस विचारा: शेवटचं भाडं कधी मिळालं? गाडीचा विमा त्या वर्षी भरला का? मुलाची फी कोणी दिली? ट्रॉलरवरचे झारखंड-ओडिशाचे खलाशी ऑगस्टच्या हंगामाला परतले का, नसतील तर जाळं ओढायला कोण होतं? उत्तरासोबत पावती किंवा पासबुकाचं पान दाखवलं, तर परवानगी घेऊन तारीख टिपून घ्या, आणि मग ती तुमच्या पहिल्या पानावरच्या तक्त्याशी ताडून बघा.