जुना स्प्रे कॅन घेताना आधी तळ तपासा

बंद झालेल्या ब्रँडचा किंवा शेडचा स्प्रे पेंट कॅन हाती लागला की नजर आधी छपाईवर जाते. पण तो उलटा करा. हे कॅन बहुतेक पत्र्याचे असतात आणि तळाची कडा दुमडून बसवलेली असते, त्या खाचेत ओल साचून गंज धरतो. वरवरचा तांबूस डाग चालेल. नखाने खरवडल्यावर पापुद्रे सुटत असतील, किंवा आत वळलेला तळ बाहेर फुगला असेल, तर भरलेला कॅन घेऊ नका, मग तो कितीही दुर्मिळ असो. आतला दाब अजून कायम असू शकतो.

वयाचा अंदाज लेबलवरून येतो. रंगाचा स्प्रे कॅन अमेरिकेत एड सेमूर यांनी १९४९ मध्ये आणला. दुकानांत बारकोड १९७४ मध्ये सुरू झाला, त्यामुळे कॅनवर बारकोड छापलेला असेल तर तो पन्नास-साठच्या दशकातला नक्कीच नाही, विकणारा काहीही म्हणो.

पुसायला थिनर किंवा अ‍ॅसिटोन अजिबात नको, छपाईच उतरते. कोरडं मऊ कापड पुरे. कॅन उभा, सावलीत, कोरड्या फळीवर ठेवा. ५० अंश सेल्सिअसच्या वर तापू देऊ नका. रिकामा करायला भोक पाडणं तर जिवावर बेतू शकतं.

आणि मूळ टोपण, नोझल जपा. टोपणं सर्रास अदलाबदल झालेली असतात, म्हणून त्याच शेडच्या दुसऱ्या कॅनच्या फोटोशी ताडून मगच पैसे द्या.