आधी तारीख, मग चित्र

एम.ए.च्या प्रबंधासाठी विषय निवडला तेव्हा तो भलताच चटपटीत वाटला होता: एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच वर्तमानपत्रांत राजघराण्यातल्या लग्नांवर आलेली व्यंगचित्रं. पहिले तीन महिने हाती काही म्हणजे काही लागलं नाही. या वाटेला नव्याने येणाऱ्यांचे तेवढे महिने तरी वाचावेत, म्हणून हे लिहितेय.

मी सुरुवात केली 1840 पासून. राजा लुई-फिलिपचा दुसरा मुलगा, नेमूरचा ड्यूक, याचं लग्न ठरलं आणि सरकारने त्याच्यासाठी वर्षाला पाच लाख फ्रँक मागितले. बाप गडगंज, आणि पोराचा संसार मात्र लोकांच्या पैशाने थाटायचा! 20 फेब्रुवारीला प्रतिनिधी सभेने चर्चासुद्धा न करता 226 विरुद्ध 200 मतांनी मागणी फेटाळली आणि पंतप्रधान सूल्टचं मंत्रिमंडळ पडलं. व्यंगचित्रकाराला आणखी काय हवं? फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा ‘गॅलिका’ हा डिजिटल संग्रह फुकट आहे. तिथे ‘ल शारिवारी’ या व्यंगचित्रांच्या दैनिकाचे त्या महिन्यांचे अंक काढले. राजा नाही, नवरदेव नाही. होती ती दोमिए या व्यंगचित्रकाराची मध्यमवर्गी नवरा-बायकोंची मालिका. मी त्यातल्याच एका ढेरपोट्या नवऱ्यात राजपुत्र शोधला आणि पाच पानं लिहून माझ्या मार्गदर्शक बाईंना दाखवली. बाईंनी ती न वाचताच विचारलं, “1835 चा कायदा पाहिलास का गं?”

पाहिला नव्हता. 28 जुलै 1835 ला फिएस्की नावाच्या माणसाने राजावर हल्ला केला, राजा वाचला आणि सप्टेंबरमध्ये कायदा आला: कोणतंही चित्र छापण्याआधी सरकारची परवानगी हवी. मजकुराला ही अट नव्हती. त्यामुळे 1837 चं थोरल्या युवराजाचं लग्न असो की 1840 चं हे, टोमणे शोधायचे ते मजकुरात. 1848 च्या क्रांतीने बंधन उठलं, 1852 मध्ये पुन्हा आलं. म्हणून 1853 मध्ये सम्राट तिसऱ्या नेपोलियनने युजेनीशी लग्न केलं तेव्हाही चित्रांचं तोंड बंदच. या दोघांवरच्या चित्रांचा पूर आला तो 1870 मध्ये गादी गेल्यावर. मी आता भिंतीवर कायद्यांच्या तारखा लावल्या आहेत. लग्नाची तारीख आधी तिथे बघते, मग अंक उघडते.

खरं घबाड आहे 1830 ते 1835 मध्ये. व्यंगचित्रकार-प्रकाशक फिलिपाँने ‘ला कारिकात्युर’ आणि ‘शारिवारी’ ही व्यंगपत्रं काढली, राजाचं डोकं पायरी पायरीने नासपतीत बदलून दाखवलं, तुरुंगात गेला. (फ्रेंच बोलीत नासपती म्हणजे बावळटसुद्धा.) याच काळात बेरीच्या डचेसचं प्रकरण घडलं. ही पदच्युत घराण्यातली विधवा, आपल्या मुलाला गादी मिळवून द्यायला बंड करते, नाँतमध्ये शेगडीमागे लपलेली सापडते, ब्लायच्या किल्ल्यात कैद होते आणि फेब्रुवारी 1833 मध्ये जाहीर करते की आपण इटलीत गुपचूप लग्न केलंय. मे महिन्यात मुलगी झाली! नवख्याने इथूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे.

‘शारिवारी’ या नावाचा अर्थ मला फार उशिरा कळला. गावात म्हाताऱ्या विधुराने कोवळ्या पोरीशी लग्न केलं, की रात्री पोरंटोरं त्याच्या दारात थाळ्या-पातेली बडवत जाऊन त्याची हुर्यो उडवायची. त्या गोंगाटाला शारिवारी म्हणतात. म्हणजे विजोड लग्नाची टर उडवणं हे या पत्राच्या नावातच आहे, आणि मी प्रस्तावनेत त्याचा अर्थ ‘गोंधळ’ एवढाच देऊन मोकळी झाले होते.

भाषेचंही सांगते. फ्रेंचची बी-टू (मध्यमाच्या वरची) पातळी गाठलीत तरी श्लेष सुटत नाहीत. मी ‘दोतासियाँ’चं भाषांतर सरळ ‘हुंडा’ केलं होतं. हुंडा म्हणजे ‘दोत’. नेमूरसाठी मागितला तो राजपुत्राचा सालिना तनखा. अर्थात विरोधकांना दोन्ही शब्दांची ही सोयरीक चांगलीच ठाऊक होती. त्या काळातल्या शब्दांसाठी लित्रेचा एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच शब्दकोश हाताशी ठेवा.

गॅलिकावर शब्द टाकून चित्रं सापडतील या भरवशावर राहू नका. ही चित्रं शिळाछापाची, म्हणून चित्राखालची ओळ छपाईच्या दगडावर हाताने लिहिलेली असते, यंत्राला ती धड वाचता येत नाही. पानं एकेक करून उलटावी लागतात. दैनिकातलं चित्र बहुधा तिसऱ्या पानावर असतं आणि कागद पातळ असल्याने मागचा मजकूर नवरीच्या गालावर उलटा उमटलेला दिसतो. मी तो एकदा गोंदण समजले होते. शिवाय ती खालची ओळ पुष्कळदा चित्रकाराची नसते, कचेरीत कुणीतरी जोडलेली असते. “दोमिए म्हणतो” असं लिहिण्याआधी थांबा.

आणि 1846 च्या ‘स्पॅनिश लग्नां’साठी, म्हणजे स्पेनची राणी आणि तिची बहीण यांच्या लग्नांसाठी, लंडनचं ‘पंच’ हे व्यंगपत्र उघडा. लुई-फिलिपची सोयरीक जुळवायची धडपड तिथे मोकळेपणी सोलली आहे. ‘पंच’चं उपनाव ‘लंडनचं शारिवारी’ असं होतं. त्याच्याच वळणावर 1854 मध्ये मुंबईत ‘पारसी पंच’ निघालं. सध्या मी त्याच्या अंकांमागे आहे. लग्नं तिथेही कमी नसतील.