वजनाच्या सर्जरीनंतर कामावर रुजू होताय? डोकं चालत नसेल तर हे करून बघा

माझी गॅस्ट्रिक बायपास (वजन कमी करायला पोट लहान करून आतड्याला जोडतात ती सर्जरी) झाली आणि अठराव्या दिवशी मी ऑफिसला हजर झाले. टाके सुकले होते, दुखत काही नव्हतं, म्हटलं चला आता. अकाउंट्सचं काम माझं, कित्येक वर्षं तेच करतेय. अकराच्या सुमारास एक बिल एन्ट्री करायला घेतलं, तर आकडा बघायचा आणि की-बोर्डवर बोट जाईपर्यंत विसरायचा, परत बघायचा परत विसरायचा, शेवटी बिलावर पट्टी ठेवून एकेक अंक तोंडाने बोलत टाकला तेव्हा कुठे ती एक ओळ झाली. बाथरूममध्ये जाऊन रडले मी. वाटलं वजन कमी करायच्या नादात डोकं घालवून बसले.

तसं काही नव्हतं हो, आणि तुमचंही बहुतेक तसं नसणार. डोकं सुन्न होण्यामागे कारण असतं आणि ते बऱ्याचदा सापडतं, फक्त शोधायचं कसं ते आधी कोणी नीट सांगत नाही, म्हणून हे लिहितेय.

आधी तारीख ठरवा

बसून काम असेल तर साधारण दोन-तीन आठवड्यांनी जाता येतं, उभं राहून किंवा वजन उचलायचं काम असेल तर चार ते सहा आठवडे. शेवटचा शब्द तुमच्या सर्जनचा. माझं मत विचाराल तर टेबलवर्क असलं तरी पूर्ण तीन आठवडे घ्याच, आणि सोमवारी जॉईन होऊ नका, बुधवारी किंवा गुरुवारी व्हा, म्हणजे दोन-तीन दिवस काढले की लगेच सुट्टी येते. जमलं तर पहिला आठवडा अर्धा दिवस मागून घ्या. लोकलने जाणाऱ्यांनी गर्दीची वेळ टाळा, पोटाला एक कोपर लागलं तरी जीव कळवळतो.

मग पाणी

हे सगळ्यात साधं आणि सगळ्यात जास्त चुकणारं. दिवसाला दीड ते दोन लिटर जायला पाहिजे, पण पोट एवढंसं झालेलं, एका दमात ग्लास पिता येत नाही, जेवताना प्यायचं नाही आणि जेवणानंतर अर्धा तास थांबायचं, मग उरतो वेळ किती? घरी कोणीतरी आठवण करतं, ऑफिसात कामाच्या नादात दुपारचे दोन वाजतात आणि बाटली तशीच. अर्ध्या लिटरची बाटली टेबलावर समोर ठेवा, बॅगेत नाही, दर दहा मिनिटांनी दोन घोट, जेवायच्या आधी एक संपवायची आणि घरी निघायच्या आधी दुसरी. बायकांसाठी एक खास, ऑफिसचं टॉयलेट लांब किंवा घाण म्हणून आपण पाणी कमी पितो ना, ही सवय आता सोडायलाच लागेल. लघवी गडद पिवळी दिसली तर समजा पाणी कमी पडतंय.

प्रोटीन मोजा, अंदाज नको

रोज ६० ते ८० ग्रॅम, असं बहुतेक डायटिशियन सांगतात. आपल्याकडे काय होतं, घरचे प्रेमाने मुगाचं कढण आणि वरणाचं पाणी देतात, ते पोटाला बरं वाटतं पण प्रोटीन त्यात फार थोडं असतं. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास. सुरुवातीला पावडरशिवाय हिशोब जमत नाही, त्यात कमीपणा काही नाही. मी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये एक शेकर कायमचा ठेवला होता.

डोकं कधी बंद पडतं ते लिहून ठेवा

माझ्या मते सगळ्यात उपयोगी पडणारी गोष्ट हीच. छोटी वही घ्या, वेळ लिहा, त्याआधी काय खाल्लं-प्यायलं ते लिहा. आठवडाभरात चित्र दिसायला लागतं. पहिल्या महिन्यात दिवसभर जड वाटत असेल तर बहुतेक खाणं-पाणीच कमी पडतंय. उठल्यावर गरगरत असेल तर पाणी बघा आणि बीपीच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा, कारण सर्जरीनंतर बीपी-शुगर दोन्ही भराभर उतरतात आणि जुना डोस जास्त होतो. डायबेटिस असेल तर अशा वेळी ग्लुकोमीटरने शुगर बघायचीच.

काही महिन्यांनी, विशेषतः बायपासवाल्यांना, गोड खाल्ल्यावर तास-दोन तासांनी घाम, हाताला कंप, डोकं रिकामं असं झालं तर शुगर खाली जात असू शकते. ऑफिसात कोणाला मुलगा झाला, पेढे, कोणाचा वाढदिवस, केक, सगळे आग्रह करतात. डबीत घालून घरी न्या, घरचे खातील.

आणि सुरुवातीला छान होतं पण सहा महिने-वर्षाने नावं आठवेनाशी झाली, पायाला मुंग्या येतायत, दम लागतोय, तर बी-१२ आणि आयर्न तपासा. शाकाहारी माणूस, त्यात आधी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन (डायबेटिसची गोळी) घेतलेलं, वर बायपास, म्हणजे बी-१२ कमी व्हायला तिन्ही बाजूंनी वाट मोकळी. सर्जरीनंतरच्या व्हिटॅमिन-आयर्नच्या गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या असतात, बरं वाटलं म्हणून बंद नाही करायच्या. आयर्न आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर ठेवा, आणि आयर्न चहाबरोबर नको.

कामाची मांडणी

आकड्यांचं, सहीचं, डोकं लागणारं काम सकाळी. पहिले दोन आठवडे महत्त्वाचं काही दुसऱ्याच्या नजरेखालून घाला. पूर्ण ऑफिसला सांगायची गरज नाही, पण एका माणसाला सांगा. मी शेजारच्या ताईंना सांगितलं होतं, त्या काही न बोलता माझी बेरीज एकदा बघून द्यायच्या, त्याने केवढा आधार वाटला ते मलाच माहिती. तिसऱ्या महिन्यात इयर-एंडिंग मी एकटीने काढलं. २०२४ मध्ये नेदरलँड्सचा एक अभ्यास आला, सर्जरी झालेल्या १३३ लोकांना दोन वर्षं तपासलं, त्यात बऱ्याच जणांची स्मरणशक्ती आणि लक्ष आधीपेक्षा चांगलं झालेलं दिसलं.

आता हे मात्र घरच्यांनाही वाचून दाखवा

सतत उलट्या होतायत, काही पोटात टिकत नाही, आणि चालताना तोल जातोय, एकाचे दोन दिसतायत किंवा माणूस असंबद्ध बोलतोय, तर हा साधा थकवा नाही. बी-१ म्हणजे थायमिन संपल्याने हे होतं आणि उशीर झाला तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, जवळच्या दवाखान्यात ग्लुकोजची बाटली लावून घरी येऊ नका, थायमिन आधी मिळायला लागतं, नुसतं ग्लुकोज गेलं तर त्रास वाढू शकतो. दारातच सांगा, बॅरिएट्रिक म्हणजे वजनाची सर्जरी झालीये, उलट्या इतके दिवस आहेत, थायमिन द्यायचं का बघा.